उजनीच्या पाण्यात तीन दिवस बोटीनं फिरायचंय? कोजागरी ते कार्तिकी दिवस चांगले, पण तयारी अशी करा

भिगवण : "मामा, दिवाळीनंतर आम्ही पाच जण येतोय. भिगवणपासून कंदरपर्यंत बोटीनं जायचं, वाटेत दोन मुक्काम करायचे. बोट तेवढी बघून ठेवा." पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याचा गेल्या आठवड्यात फोन आला. बोट बघून ठेवणं काही अवघड नाही. आपल्या काठावर घरटी नसली तरी वस्तीला एक होडी असतेच, आणि आता बऱ्याच होड्यांना इंजिन आहे. पण मी त्याला लगेच हो म्हणालो नाही.

कारण सांगतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बातमीसाठी मी काठावर उभा होतो. एनडीआरएफची पथकं पाण्यात शोध घेत होती आणि काठावर माणसं नुसती पाण्याकडं बघत बसली होती. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. त्याआधी २०१७ च्या उन्हाळ्यात अजोतीजवळ सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटली, त्यात चौघे बुडाले. दोन्ही वेळेला पाणी आपलंच, रोजचंच होतं.

म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना उपयोगी पडेलच, पण जास्त उपयोग आपल्या लोकांना आहे. कारण बोट आपली असते, चालवणारा आपला असतो आणि काही झालं तर विचारणाही आपल्यालाच होते.

दिवस कोणते धरायचे?

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणून 'शून्य टक्के' म्हणलं तरी धरणात पाणी असतं आणि उन्हाळ्यात आपण 'वजा'त जातो, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बोटवाल्यासाठी या टक्क्याचा अर्थ वेगळा आहे. धरण पूर्ण भरलं, म्हणजे पातळी ४९६.८३ मीटरला पोचली, की जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे काठ, वाळलेल्या बाभळी खोल जातात. पाणी जसं उतरत जातं तशा याच गोष्टी पंख्याच्या उंचीला येतात, आणि वरून दिसत मात्र नाहीत.

पाऊसकाळ चांगला झाला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं. कोजागरी ते कार्तिकी एकादशी या काळात पाणी भरपूर, ऊन सोसवणारं, सकाळी पाणी आरशासारखं. फिरायला याच्यासारखे दिवस नाहीत. उन्हाळ्यात वळवाचं वादळ दहा मिनिटांत उठतं, पावसाळ्यात विसर्ग असतो. पण २०२३ सारखं वर्ष आलं की धरण भरतच नाही. म्हणून तारीख ठरवायच्या आधी टक्केवारी बघा. ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर काठाकाठानं जाण्याचा बेत सोडा आणि रोज जाळी टाकणारा माणूस बरोबर घेतल्याशिवाय निघू नका.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी तीननंतर ढग, कडकडाट. पाण्याच्या मधोमध होडीत बसलेला माणूसच सगळ्यात उंच असतो, वीज त्यालाच शोधते. फोनमध्ये 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. ढग भरून आले की जवळचा काठ धरायचा. ठरलेल्या गावी पोचायची घाई करायची नाही.

दुसरी सवय, दौंडचा विसर्ग रोज सकाळी बघायची. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की दौंडवरून येणारा आकडा वाढतो. मग वरच्या भागात ओढ वाढते आणि जलपर्णीचे ताटवे वाहून खाली येतात. खाली भीमेत पाणी सोडायला धरणाचे दरवाजे उघडले असतील तर त्या बाजूला फिरकायचंच नाही.

वाट आणि मुक्काम

भाच्याला मी असा बेत सुचवला.

पहिला दिवस : कुंभारगाव-डिकसळकडून सकाळी निघायचं, पलीकडं करमाळा तालुक्यात केत्तूर बाजूला मुक्काम. अंतर कमी आहे, पण पहिल्या दिवशी तेवढंच बरं. बोट, इंजिन आणि माणसं, तिघांची ओळख त्या दिवशी होते. काही बिघडलं तर भिगवण जवळ आहे.

दुसरा दिवस : पळसदेवच्या समोरून कळाशी-गंगावळणच्या बाजूनं कुगावकडं. हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात उघडा पट्टा. पाणी रुंद आहे, वारा सुटला की लाट उठते. तो सकाळी अकराच्या आत पार करायचा. पळसनाथाचं जुनं मंदिर या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते उघडं पडतं आणि बघायला गर्दी होते. शरदात ते पाण्याखाली असतं. जागा दाखवायची म्हणून बोट अगदी वर नेऊ नका. खालचा दगड वरून दिसत नाही.

तिसरा दिवस : कुगावहून कंदरकडं. कंदरला केळीच्या बागा बघा, केळी खा आणि तिथंच बोट काठाला लावून प्रवास संपवा. धरणाच्या भिंतीपर्यंत जायची हौस करू नका. भिंतीजवळचा भाग प्रतिबंधित आहे आणि दरवाजाजवळ पाण्याची ओढ वरून कळत नाही.

परत बोटीनं न येता टेम्पोत घालून आणली तर एक दिवस आणि पेट्रोल दोन्ही वाचतं.

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. फ्लेमिंगो बघायला म्हणून ऑक्टोबरात आलात तर निराश व्हाल. रोहित पक्षी उथळ पाण्यात, गाळात चरतो. धरण काठोकाठ भरलेलं असताना त्याला उभं राहायला जागा नसते. पाणी उतरून गाळपेर उघडी पडायला लागली की तो येतो, म्हणजे हिवाळ्यात. शरदात बगळे, पाणकावळे, खंड्या, नदीसुरय दिसतात. तेही कमी नाहीत.

पेट्रोलचा हिशोब

आपली माणसं इथंच चुकतात. गाडीला किलोमीटरवर हिशोब असतो, बोटीला तासावर करायचा. १० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण रेसवर तासाला साधारण साडेतीन लिटर पितं. सामान-माणसांसह बोट तासाला १० किलोमीटर गेली असं धरू.

समजा वळणावळणानं ६० किलोमीटर जायचंय. म्हणजे ६ तास. ६ गुणिले साडेतीन, २१ लिटर झालं. पण वाऱ्याच्या विरुद्ध जाताना, जाळी टाळताना, चुकून दुसऱ्या फाट्यात शिरून परत येताना जास्त लागतं. म्हणून नियम असा, की एकूण पेट्रोलचा तिसरा हिस्सा हात न लावता राखीव. २१ लिटर हे दोन हिस्से, मग तिसरा साडेदहा. म्हणजे ३२ लिटर लागेल असं धरून चला.

३२ लिटर एकदम बोटीत घेऊन बसू नका. निम्मं घ्या आणि दुसऱ्या मुक्कामाला कुणाला तरी मोटारसायकलवरून आणायला सांगा. पेट्रोल इंजिनच्या टाकीत किंवा घट्ट झाकणाच्या मजबूत डब्यात ठेवा, पाण्याच्या बाटल्यांत नको. चूल आणि पेट्रोल एका बोटीत नको. बोटीत बिडी-सिगारेट बंद. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑईल किती मिसळायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा. पन्नासाला एक असं लिहिलं असेल तर लिटरला २० मिली. अंदाजे ओतू नका.

बरोबर जादा प्लग, पाना-पक्कड, इंजिनची पिन, ओढायची जादा दोरी, एक चांगला कोयता आणि दोन वल्ही. वल्ही विसरलात तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं.

हे मी अनुभवानं सांगतोय. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला मी आणि चुलतभाऊ पलीकडं पाहुण्यांकडं जेवायला गेलो होतो. निघायला उशीर झाला. मधे आलो आणि पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन बंद. कोयता नव्हता, वल्ही घरी, माझ्या फोनला चार टक्के चार्जिंग. अंधारात दाताने आणि हाताने जाळं तोडत दोन तास बसलो. वारा नव्हता म्हणून आज हे लिहितोय. ज्याचं जाळं होतं त्याचंही दोन-तीन हजारांचं नुकसान झालं, ते नंतर भरून दिलं. जॅकेट होती का, असं तुम्ही विचाराल. होती, घरी माळ्यावर.

लाईफ जॅकेट घालायचं असतं, ठेवायचं नसतं

जॅकेटवर बसून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. उलटणारी बोट जॅकेट घालायला वेळ देत नाही. काठावर पाय असतानाच घाला आणि काठावर उतरल्यावरच काढा. पोहता येणाऱ्यानंही.

विकत घेताना वजनाचा आकडा बघा. मोठ्याचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पाण्यात पोरगं खालून निसटतं आणि जॅकेट वर राहतं. सगळे पट्टे बांधून खांद्यापाशी धरून वर ओढा. कानापर्यंत वर येत असेल तर ते सैल आहे. निघायच्या आदल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात एकेकानं तरंगून बघा. गाडीची ट्यूब, थर्माकोल, रिकामे कॅन म्हणजे जॅकेट नव्हे.

बोटीत किती माणसं? बनवणाऱ्यानं जेवढी सांगितली त्याच्यापेक्षा एक कमी, कारण तीन दिवसांचं सामान असतं. पाच जण सरासरी ७० किलोचे म्हणजे ३५० किलो. त्यात इंजिन, पेट्रोल, पिण्याचं पाणी, पिशव्या घाला, पाचशेच्या घरात जातं. जड सामान तळाला आणि मध्ये ठेवा. सगळे भरल्यावर बोटीचा काठ पाण्यापासून हातभर वर नसेल तर माणूस किंवा सामान कमी करा. चालू बोटीत फोटोसाठी उभं राहायचं नाही आणि सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही. सेल्फी काठावर काढा.

तरीही उलटलीच तर बोट सोडू नका. फायबरची होडी सहसा उलटी होऊनही तरंगते, तिला धरून राहा. काठ दिसतो तेवढा जवळ नसतो. चांगले पोहणारे काठाकडं निघतात आणि मधे दमतात. बोट धरून असलेला माणूस शोधणाऱ्यालाही लवकर दिसतो.

पाण्याखालचं आणि काठावरचं

जाळी ओळखायला शिका. थर्माकोलचे तुकडे, बाटल्या एका रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. रांगेच्या टोकाला वळसा घाला, मधून जाऊ नका. जलपर्णीच्या ताटव्यात इंजिन घालू नका. पंख्यात अडकते आणि गार पाणी ओढणारी भोकं बुजून इंजिन तापतं. इंजिनच्या मागं पाण्याची धार पडते का, यावर अधूनमधून नजर ठेवा. धार थांबली की इंजिन लगेच बंद.

बाहेरच्या माणसाला न कळणारा आणि आपण रोजच्या सवयीनं विसरलेला धोका म्हणजे शेतीच्या मोटारी. दोन्ही काठांना शेकडो मोटारी पाण्यात किंवा तराफ्यावर आहेत, त्यांच्या केबली पाण्यातून आणि चिखलातून गेल्यात. कुठली केबल कुठं खरवडलीय ते मालकालाही माहीत नसतं. मोटारी असलेल्या जागी बोट लावू नका, ओल्या पायानं स्टार्टरच्या पेटीजवळ जाऊ नका, केबल हातानं बाजूला करू नका. लोखंडी होडी असेल तर जास्तच सांभाळा.

उतरताना आधी वल्हं टोचून तळ बघा. गाळ मांडीपर्यंत असतो, वरून नुसता ओला वाटतो. गवतात पाय टाकताना काठी आपटा.

आणि हे पाणी प्यायचं नाही, उकळूनही नको. पुणे-पिंपरीचं सांडपाणी कुठं येतं ते आपल्याला सांगायला नको. माणशी दिवसाला चार लिटर धरून पाणी घ्या, मुक्कामाच्या गावात परत भरा.

परवानगी आणि कागद

'आपल्याच पाण्यात कसली परवानगी' हे वाक्य आता चालणार नाही. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ प्रमाणे इंजिनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा हवा. आपल्या राज्यात नोंदणीचं काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं आहे. पाणी जलसंपदा खात्याचं, म्हणून भीमानगरच्या धरण व्यवस्थापन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. ज्या दोन तालुक्यांतून जाणार तिथल्या पोलीस ठाण्यांत माणसांची नावं, बोटीचा रंग आणि तारखा कळवा. याला पैसे लागत नाहीत.

पाहुण्यांकडून भाडं घेणार असाल तर कागद आणखी महत्त्वाचे. मासेमारीच्या होडीत भाड्यानं माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा मिळत नाही आणि गुन्हा मालकावर दाखल होतो. कागद नसतील तर नाही म्हणा. पाहुणा रागावला तरी चालेल.

रात्रीचं आणि फोनचं

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता बोट काठाला बांधलेली हवी. अंधारात जाळं, बाभळ, दुसरी होडी काही दिसत नाही. सकाळी धुकं असेल तर पलीकडचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत चहा घेत बसा.

झोपायचं गावात, बोटीत नाही. पाहुण्यांचं घर, देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा. आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना फोन केला तर कुणी नाही म्हणत नाही. आपल्याकडं नदीकाठचा पाहुणा उपाशी झोपलेला मी तरी ऐकला नाही. बोट दोन दोऱ्यांनी बांधा आणि दोरीला थोडी ढील ठेवा. रात्रीत पाणी वाढलं किंवा उतरलं तर ताणलेल्या दोरीवर बोट एका बाजूला लटकते.

फोन प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, पॉवर बँक वेगळ्या पिशवीत. नकाशा निघायच्या आधी डाउनलोड करून ठेवा, मधे रेंज जाते. व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं, म्हणून रोज सकाळी नव्यानं सुरू करा. काठावरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या, की आज कुठून कुठं जाणार आणि किती वाजता पोचणार. ठरलेल्या वेळेनंतर एक तासात फोन आला नाही तर त्यानं ११२ ला कळवायचं. 'येतील की' म्हणत बसायचं नाही. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

भाच्याला काय सांगितलं?

बोट बघितली आहे. कागद असलेली, आणि चालवणारा वीस वर्षं याच पाण्यात जाळी टाकणारा. पाच जॅकेट भाच्यानं पुण्याहून आणायची, मापाची. पहिल्या दिवशी वारा असेल तर प्रवास तिथंच थांबवायचा, नाराज व्हायचं नाही. बोट कधी निघणार आणि कधी थांबणार हे चालवणारा ठरवेल, कंपनीतला साहेब नाही. हे सगळं मान्य असेल तर ये म्हणलं.

भाचा हसला. "मामा, एवढी तयारी तर आमच्या ऑफिसातपण नसते" म्हणाला. मी म्हणलं, ऑफिसच्या खाली साठ फूट पाणी नसतं.

कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झालाय. तो वापरात येईल तेव्हा रोजच्या कामासाठी होडीत बसायची वेळ कमी होईल. तोपर्यंत लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला आपली माणसं याच पाण्यातून जाणार आहेत. वर लिहिलेलं सगळं तीन दिवसांच्या सहलीसाठी आहे, पण त्यातलं जॅकेट, माणसांची संख्या आणि आभाळाकडं बघणं, एवढं तरी पंधरा मिनिटांच्या फेरीलाही लागू आहे. माळ्यावरची जॅकेट आजच खाली काढा.